गुडघ्याखालचा उजेड

२ ऑक्टोबर १९७९

ही वही साकोलीच्या मधुकररावांनी दिली. ते प्रौढ शिक्षणाचे पर्यवेक्षक. म्हणाले, "रुखमाबाई, शिकवणाऱ्यानं रोज चार ओळी लिहाव्या. हात वळता राहते." चारच कायला? चौथी शिकून तीस वर्षं झाली, आता कुठं पेन हातात आली आहे. मनात येईल तेवढं लिहीन.

आमच्या एकोडीपासून कोसभरावर बोडीटोला आहे. वीस-बावीस घरं. तिथल्या बायांसाठी रात्रीचा वर्ग मंजूर झाला. दिवसा बाया धानात, म्हणून साडेसातला भरवायचा. आधी एक मास्तर होता, तो आठ दिवसांत पळाला. वाट वाईट. पहिल्यांदा तलावाची लांब पार, एका बाजूला पाणी, एका बाजूला खोल उतार. मग रानाचा काठ. मग दोन बांध्यांच्या, म्हणजे धानाच्या खाचरांच्या, मधला धुरा, हातभर रुंद. दिवा एकही नाही.

मी म्हटलं, मी जाते. मधुकरराव म्हणाले, "तुम्ही? रात्री?"

"दिवसाचा वर्ग असन तर दिवसा जाते. आहे का?"

मग अट सांगितली. १९ तारखेला भंडाऱ्याचे मोठे साहेब रात्री वर्ग पाहायला येणार. वर्ग वेळेवर लागलेला, दहा बाया पाटीवर लिहिताना दिसल्या तर वर्ग पक्का. नाही तर बंद, आणि मी परत घरी चुलीजवळ. मला चुलीचा आता कंटाळा आला आहे. हे कोणाजवळ बोलत नाही, वहीत लिहिते.

सायकल घरची आहे, आमच्या ह्यांची, म्हणजे केवळरामची. उन्हाळ्यात खळ्यावर शिकली. त्रेचाळीस वर्षांची बाई सायकल शिकते म्हणून गाव दंडारीचा खेळ पाहायला यावं तसं यायचं. काष्ट्याचं लुगडं सायकलीला बरं पडतं, गोल पातळवाल्यांचं काम नाही. हे मागून कॅरिअर धरून पळायचे. एक दिवस मागं पाहिलं तर हे नाहीतच, पार तिकडं सोडून उभे. तेवढ्यात मी पडली. दोन दिवस बोलली नाही.

वर्गाचं सांगितलं तर म्हणाले, "जाय म्हंतो. पडशीन."

एवढंच. ह्यांच्या तोंडात बिडी मावते, शब्द मावत नाही.

५ ऑक्टोबर

चार दिवस मजेत! चांदणं असं की पाटीवरचं अक्षर वाचावं. आज तर कोजागिरी. पारीवरून जाताना तलाव दुधानं भरल्यासारखा. मी मोठ्यानं मुळाक्षरं म्हणत गेली. तलावातल्या बदकांना 'क' ते 'ङ' येत असेल आता.

सात बाया झाल्या. सगळ्यांत म्हातारी शकुनबाई, साठीची. तिला पुस्तक नको, नाव नको, तिला एस्टीची पाटी वाचायची आहे. पोरगी लाखनीला दिली. एकदा साकोलीच्या स्टँडवर कोणाला न विचारता बसली आणि देवरीला जाऊन उतरली. रात्रभर तिथल्या स्टँडवर गाठोडं उराशी धरून बसली. "दोन्ही गाड्या लालच, बाई. माह्यी का चूक?" म्हणते. मी तिला आधी 'ल' शिकवला. अ, आ मागून येतील.

८ ऑक्टोबर

चंद्र उशिरा उगवायला लागला. जाताना काळोख.

हँडलला कंदील लटकवला. पहिल्या खड्ड्यात हलला, दुसऱ्यात भडकला, तिसऱ्यात काच तडकली. जळत होता तोवर उजेड माझ्याच डोळ्यांत, पुढं काहीच नाही. मी माझंच तोंड सगळ्या रानाला दाखवत चालली होती. सायकल ढकलत पोचली तेव्हा आठ वाजून गेले, तीन बाया कंटाळून गेल्या होत्या.

उद्या साकोली. उजेड आणल्याशिवाय परत येणार नाही.

९ ऑक्टोबर

सेवकरामचं सायकलचं दुकान रस्त्यावरच आहे. मी सरळ सांगितलं, रात्री रानातून सायकल चालवायची, उजेड दे.

"मावसाजींसाठी का, मावशी?"

"माह्यासाठी. तुहे मावसाजी बसतीन घरी."

दुकानातली दोन माणसं हसली. मी त्यांच्याकडं पाहिलं तर दोघंही चाकाकडं पाहायला लागली.

सेवकरामनं डायनमो दाखवला. चाकाला घासतो आणि दिवा लागतो, ना तेल ना सेल. चाक हातानं फिरवून दाखवलं, भिंतीवर उजेडाचं ताट पडलं! मी म्हटलं, "बसव." त्यानं अजून काही सांगायला तोंड उघडलं होतं. मला वेळ नव्हता.

१० ऑक्टोबर

सेवकराम काय सांगणार होता ते कळलं.

सपाट वाटेवर डायनमो म्हणजे सूर्य! मी अशी दामटली की लुगडं फडफडलं. पण पारीच्या चढावर पाय थकले तसा दिवा पिवळा, मग लाल, मग गेला. पारीवर उतरून ढकलावं लागतं, तिथं चाक हळू, दिवा बंद. म्हणजे जिथं घरचं अंगण असावं तसा रस्ता तिथं उजेड, आणि जिथं पाय घसरला तर तलाव तिथं काळोख. हा कोणता न्याय?

आणि एक लिहून ठेवते. पारीच्या मधोमध मोहाचं जुनं झाड आहे. लोक म्हणतात तिथं काही आहे. मी मानत नाही. पण आज त्याच्याखाली लाल ठिपका दिसला. वाढायचा, कमी व्हायचा. मी ओरडली, "कोन होय गा?" ठिपका विझला.

भूत असो की चोर, मी चार शिव्या दिल्या, चांगल्या निवडून. मग ढकलायची सोडून सायकलीवर बसली आणि अंधारातच हाणली. येताना चंद्र होता. ठिपका होताच.

घरी ह्यांना सांगणार होती, पण हे जागलीला गेलेले. धान पोटरलं की डुकरं येतात, म्हणून रात्रभर मचाणावर बसून टिनाचा डबा बडवावा लागतो. आमचं शेत गावाच्या दुसऱ्या अंगाला आहे, नहराजवळ. तिथं बसून ह्यांना पारीवरचं भूत काय कळणार?

१२ ऑक्टोबर

सेवकरामच्या अंगावर डायनमो परत टाकला. म्हटलं, "मी थांबली तरी जो थांबत नाही असा उजेड दे."

"मंग हातातली टॉर्च घ्या, मावशी."

तो टॉर्च म्हणतो, आम्ही बॅटरी म्हणतो. त्यानं फळीवर तीन मांडल्या. दोन सेलची, तीन सेलची आणि पाच सेलची. पाच सेलची म्हणजे हातभर लांब, वजनाला मुसळ. मी तीच उचलली.

"ते नोका घेऊ. ते शिकारीवाल्यायची हाय."

"मंग मी का ससा आहो? बांध कागदात."

दुकानाच्या बाहेर उन्हात लावून पाहिली. उन्हातही दिसते!

१३ ऑक्टोबर

आजचं लिहिताना हसू येऊन राहिलं, पण तेव्हा आलं नाही.

बॅटरी हँडलला सुतळीनं बांधली. पारीवर कळ दाबली. देवा! तलावाच्या पलीकडचं झाड न् झाड दिसलं. झोपलेले बगळे पांढऱ्या कापडासारखे उठले. सगळीकडच्या मचाणांवरून टिन वाजायला लागले, "हो हो हो" सुरू झालं. कोणी ओरडला, "इकडं डुकरं हाकलून राहिला कोन बे?" मी वापस ओरडली, "माणूस होय, डुक्कर नाही!" त्यानं आणखी जोरात बडवलं.

रानाच्या काठाला दोघं आडवे आले. जंगलखात्याचा नाकेदार आणि त्याच्यासोबत काठीवाला.

"उतर खाली! बंदूक कुठं हाय?"

"कायची बंदूक?"

"थैलीत का हाय?"

मी थैली उलटी केली. पाट्या पडल्या, खडू पडले, हजेरीपट पडला. नाकेदारानं हजेरीपट उचलला, उलटा धरला, परत सुलटा केला.

"बाई, ह्या रानात एवढी मोठी बॅटरी दोघांजवळच राहते. एक शिकारी, नाही तं आमचे साहेब. तुमी कोन?"

"मास्तरीण."

हा शब्द मी पहिल्यांदा तोंडानं काढला.

तो म्हणाला जा, पण हे विझवून जा. विझवली तर एवढ्या उजेडानंतर डोळ्यांपुढं नुसतं काजळ. ढकलत ढकलत पोचली, वर्ग सुटायच्या वेळी. शकुनबाई एकटी बसून होती. पाटीवर 'ला' चाळीस वेळा लिहिला होता.

१४ ऑक्टोबर

सकाळी शेतात गेली. दोन बांध्या डुकरांनी लोळवल्या. चिखल आणि चोथा. शेजारच्या बांधीवाल्या यादोरावनं वरून मीठ टाकलं, "वहिनी, तुमच्या मचाणावर रात्री टिन वाजलंच नाही जी. चार-पाच दिवस झाले, दहा वाजतवर वाजत नाही."

मी ह्यांच्यावर तुटून पडली. "झोपता! मी रात्री रानानं हिंडून राहिली अन् तुमी मचाणावर झोपता!"

हे बिडी विझवत होते. म्हणाले, "डोळा लागला."

"रोज डोळा लागते, अन् दहा वाजता उघडते?"

जेवताना मात्र आपणहून बोलले, म्हणजे नवलच. "आमचा बाप कंदील गुडघ्याखाली धरे."

मी म्हटलं, धानाचं बोला. कंदिलाचं काय घेऊन बसले.

१५ ऑक्टोबर

पाच सेलची देऊन दोन सेलची आणली. सेवकराम आता मला पाहिलं की आधीच फळीकडं वळतो. म्हणाला, "मावशी, सायकल घेतली असती तर एवढ्या चकरांत जुनी झाली असती." एक गोष्ट कामाची सांगितली, की सेल मंद झाले तर दिवसभर उन्हात ठेवायचे.

उजेड बेताचा, बगळे झोपले, टिन वाजले नाहीत. वाटलं, जमलं! रस्ता कसा चुन्यानं सारवल्यासारखा पांढरा, सपाट. म्हणून जोरात गेली. आणि पारीवर, मोहाच्या थोडं अलीकडं, सपाट दिसणाऱ्या जागेत पुढचं चाक हातभर खाली गेलं. मी हँडलवरून उताराकडं. गुडघा फुटला. पाणी दोन हातांवर होतं.

पडता पडता कोणी "अवंऽ" म्हटल्यासारखं वाटलं. टिटवी असेल. लाल ठिपका जवळ जवळ येऊन राहिला होता, मी उठून बसली तसा थांबला.

पण खरी गोष्ट ही. बॅटरी निसटून जमिनीवर पडली, लागलेलीच होती. आणि तिच्या उजेडात एक एक खडा दिसत होता! प्रत्येक खड्याची सावली वीतभर. खड्डा म्हणजे काळी विहीर. गाडीच्या चाकोऱ्या दोन काळ्या दोऱ्या. हँडलवरून उजेड पाडला की खड्डा भरून गेल्यासारखा दिसतो, जमिनीजवळून पाडला की खड्डा आपण होऊन सांगतो, मी इथं आहे!

मी तिथंच चिखलात बसून बॅटरी वर धरली, खाली धरली, वर धरली, खाली धरली. गुडघ्यातून रक्त येत होतं आणि मी हसत होती. कोणी पाहिलं असतं तर म्हटलं असतं, हिला लागलं मोहावरचं.

१६ ऑक्टोबर

सकाळी उठली तर हे अंगणात सायकल उलटी करून बसलेले. जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून बॅटरी पुढच्या चिमट्याला खाली बांधत होते, चाकाच्या आसाच्या वर चार बोटं. मी सांगणारच होती, त्याच्या आधीच. सेल ओट्यावर उन्हात ठेवलेले.

"आता पाह्य. अन् मोहाच्या अलीकडं डाव्या अंगानं जात जाय. उजवीकडं भसका हाय, जमीन खचली."

मी गुडघा फुटल्याचं सांगितलं होतं, कुठं फुटला ते नाही. पण गावात बातमीला पाय असतात.

रात्र. जमलं! खरंच जमलं! उजेड फक्त दहा हात, पण त्या दहा हातांत जमीन बोलते. दगड, चाकोरी, एक साप पण दिसला, तो त्याच्या वाटेनं, मी माझ्या. कुठं उतरली नाही, धुऱ्यावरही नाही. सातला बारा मिनिटं कमी असताना निघाली, सव्वासातला टोल्यावर. बाया यायच्या आधी मी हजर! शकुनबाई म्हणाली, "बाई, आज उडून आल्या का?" म्हटलं, "हव. उद्या तू पण शिक."

दहा बाया. मोजल्या. पुन्हा मोजल्या.

२० ऑक्टोबर, पहाटे

काल रात्रीचं आत्ता लिहिते, झोप येत नाही.

भंडाऱ्याचे साहेब जीपनं आले. सोबत मधुकरराव. मी वाट दाखवायला पारीच्या तोंडाशी उभी होती. जीप तिथंच थांबली, पुढं जाईना. साहेबांजवळ मोठी बॅटरी, पाच सेलची! मी मनात म्हटलं, हे तर माझं सोडलेलं. मी सायकल ढकलत पुढं, बॅटरी खाली लागलेली, ते मागं.

मी सांगितलं, "साहेब, तुमची खाली धरा, गुडघ्याखाली."

"बाई, मला चालता येते," म्हणाले. आणि दहा पावलांवर पाय खड्ड्यात. पँट चिखलात. उठले ते रागानंच. "मधुकरराव, ह्या रस्त्यानं केंद्र चालूच शकत नाही. आपण उगाच लिहून दिलं. चला वापस."

दहा बाया पाट्या घेऊन बसलेल्या, आणि हा माणूस पारीवरूनच वर्ग बंद करून राहिला. मी म्हटलं, "साहेब, मी रोज येते."

"एकट्या?"

"एकटी."

"कशावरून?" असं म्हणत त्यांनी बॅटरी वर उचलली, सगळीकडं फिरवली, भूत दाखव म्हटल्यासारखी. आणि उजेड मोहाखाली जाऊन थांबला.

तिथं माणूस बसला होता. डोक्यावरून कांबळं, बाजूला काठी, बोटांत बिडी.

"कोण रे तो?" साहेब मागं सरले. मधुकरराव साहेबांच्या मागं सरले.

माणूस उभा राहिला. डोळ्यांवर हात धरला. मी ओळखलं. ते कांबळं मी शिवलेलं.

"माझे घरचे आहेत," म्हटलं.

साहेबांनी विचारलं, "इथं काय करता?"

"जागली, साहेब."

साहेबांनी बॅटरी इकडं फिरवली, पाणी. तिकडं फिरवली, उतार आणि रान. "इथं शेत कुठं आहे? कशाची जागली?"

हे पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिले. मधुकरराव माझ्याकडं पाहत होते, मी चाकाकडं. माझ्या खालच्या उजेडात फक्त ह्यांचे पाय दिसत होते, चिखलानं भरलेले. एवढे दिवस ह्या वाटेनं गेली, माझ्या बॅटरीनं दगड दाखवले, साप दाखवला, हे पाय दाखवले नाहीत.

मीच बोलली. "साहेब, उशीर होते. बाया बसल्या आहेत. येता का?"

साहेबांनी बॅटरी खाली घेतली. पार खाली, गुडघ्याजवळ. म्हणाले, "चला."

वर्गात दहाच्या दहा. साहेबांनी शकुनबाईला विचारलं, हे काय लिहिलं? पाटीवर 'लाखनी' होतं. "एस्टीची पाटी," म्हणाली. साहेबांनी तिच्या शेजारी खडूनं 'देवरी' लिहिलं आणि विचारलं, "ह्या गाडीत बसाल का?" तिनं निरखून पाहिलं. "ल कुठं हाय हिच्यात? मी नाही बसत. फसवता का, साहेब?"

सगळी हसली. साहेबही. हजेरीपटावर सही केली. वर्ग पक्का!

घरी आल्यावर ह्यांना विचारलं, "पहिल्या अंधारापासून?"

"हव."

"अन् मी शिव्या दिल्या तेव्हा?"

"चांगल्या होत्या."

"अन् डुकरांनी दोन बांध्या खाल्ल्या त्या?"

"धान पुन्हा लावता येते."

मी काही बोलली नाही. म्हणजे बोलली, पण डुकरांबद्दल. सांगून ठेवलं, आता उजेड आहे, वाट पाठ आहे, उद्यापासून आपल्या मचाणावर बसायचं. "हव" म्हणाले.

२५ ऑक्टोबर

दिवाळी झाली. शकुनबाई पाटी वाचून लाखनीला गेली आणि लाखनीलाच उतरली. पोरीच्या घरून आणलेल्या अनारशांतले दोन वर्गाला. मी अर्धा खाल्ला, अर्धा पदराला बांधला.

आज वर्ग पुन्हा सुरू. येताना पारीवर मोहाखाली लाल ठिपका.

मी सायकल थांबवली. शिवी दिली नाही. म्हटलं, "या."

हे पुढं आले. "सवय झाली वं," म्हणाले.

"बसा मांगं."

"मी? बायकोच्या मांगं?"

"मचाणावर कधी पोचान चालत? डुकरं वाट पाहून राहिली. बसा."

बसले. सुरुवातीला डगमगली, मग सरळ चालली. दोघांच्या वजनानं बॅटरी हलतही नव्हती. पदरातला अनारसा मागं दिला. खाल्ल्याचा आवाज आला. गाव जवळ आलं तसे म्हणाले, "उतरतो. लोक पाह्यतीन."

"उजेड खाली आहे. लोकायले चाक दिसन, आपण नाही."

मग गावातून सरळ नहराच्या धुऱ्यावर नेऊन उतरवलं. घरी येऊन कडी लावत होती, तेव्हा आमच्या मचाणावरचं टिन वाजायला लागलं होतं.